सुनांना न लागणारं वारं

आमच्या माहेरच्या पुरुषांना गावात ‘कानटोपीवाले’ म्हणतात. बेडशात येऊन आडनाव सांगितलंत तर समोरचा माणूस डोकं खाजवेल. कानटोपीवाले म्हणालात की लगेच बोट दाखवेल. ऐन वैशाखात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, आमच्या घरचा कर्ता पुरुष कान झाकल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. माझ्या लग्नाच्या फोटोंत आबा, म्हणजे माझे वडील, फेट्याखाली कानटोपी घालून उभे आहेत. सासरच्या मंडळींना वाटलं, व्याह्यांना काहीतरी लपवायचंय.

सगळा दोष खिंडीचा होता. आमचं घर डोंगराच्या पायथ्याला, आणि घराच्या पश्चिमेला त्या डोंगराला एक खाच. खिंडीतून सुटलेलं वारं वाटेत कुठं थांबत नाही, थेट आमच्या पडवीत येतं. ते पणजोबांच्या अंगावरून गेलं, आजोबांच्या गेलं, त्यांच्या भावाच्याही गेलं. अंगावरून वारं जाणं म्हणजे माणूस सकाळी चांगला बसून चहा पितो आणि दुपारी त्याचं अर्धं अंग त्याचं ऐकत नाही. शहरात याला लकवा म्हणतात, पक्षाघात म्हणतात, हल्ली सरळ स्ट्रोक म्हणतात. आमच्याकडे मात्र ते वारंच, आणि ते राहायला खिंडीत.

गंमत अशी की मी भूगोलाची शिक्षिका. लोणावळ्याच्या शाळेत उभा जन्म वारे शिकवले. फळ्यावर बाण काढून नैऋत्य मोसमी वारे कुठून निघतात, सह्याद्रीला कुठे अडतात, सगळं मुलांकडून घोकून घ्यायचे. आणि शनिवारी माहेरी गेले की पडवीत शिरायच्या आधी पदर दोन्ही कानांवरून ओढून घ्यायचे. पुस्तकातलं वारं वेगळं आणि घरचं वेगळं, अशी माझ्या डोक्यात सोयीची वाटणी होती.

वारं गेलंच तर काय करायचं हेही घरात ठरलेलं होतं. आधी दारं-खिडक्या लावायच्या, म्हणजे उरलेलं वारं आत येत नाही. मग माणसाला घोंगडीत गुंडाळायचं आणि कानात कापूस घालायचा. मग कुणीतरी पारवा आणायला पळायचं, कारण पारव्याचं गरम रक्त गेलेल्या हातापायावर चोळलं की त्यात जीव येतो, असं जुनी माणसं सांगत. गावावरच्या लेण्यांच्या कपारीत पारवे पुष्कळ, पण त्यांनी सापडायला हवं ना! आबांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा माझा चुलत भाऊ आख्खी सकाळ पारव्यांच्या मागे उड्या मारत होता. शेवटी तो स्वतःच घोट्यात पाय मुरगळून घरी आला, आणि घरात दोन रोगी झाले.

आता हसू येतं. तेव्हा मी कॉलेजात होते आणि घरात मला कुणी विचारत नव्हतं. आबा बंद खोलीत घोंगडीखाली घामानं निथळत पडले होते, आणि आम्ही सगळे वारं बाहेर ठेवल्याच्या समाधानात बसलो होतो. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये घालून नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, कालच आणायला हवं होतं. आबांचा उजवा हात गेला तो गेलाच.

त्यानंतर आबा पुष्कळ वर्षं जगले, आणि मजेत जगले. पंगतीत त्यांना डाव्या हातानं जेवताना बघून पोरं खिदळायची. आबा म्हणायचे, “उजवा सुट्टीवर हाय रं. लय राबला.” खळ्यात भाताची झोडणी चालू असली की कडेला बसून सगळ्यांच्या चुका काढायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि ते डाव्या-उजव्या कुठल्याच हाताविना उत्तम जमत होतं. फक्त सकाळी सदऱ्याची बटणं लावून घ्यायला आईपुढे उभे राहिले की ते भिंतीकडे बघायचे. मला ते बघवायचं नाही. मी तेवढ्यापुरती परसात जायचे.

पुढे आबा गेले. मावळात जमिनीला भाव आला. जो तो गुंठ्यांत बोलायला लागला. आमच्याकडची रीत अशी की लेकी वडगावच्या कचेरीत जाऊन हक्कसोड करतात. जमीन भावाला, आणि लेकींना माहेरचा उंबरा उघडा. रीत बरोबर की चूक हा भाग वेगळा. माझ्या आत्यानं तिच्या भावासाठी, म्हणजे आबांसाठी, सही केली होती. मी माझ्या धाकट्या भावासाठी केली. त्या दिवशी भावानं मला वडगावात मिसळ खाऊ घातली. एवढ्या रानाच्या बदल्यात एक मिसळ, तीही तर्री कमी, हे मी त्याला अजून ऐकवते.

जमिनीबरोबर वारंही त्याच्याच वाट्याला गेलं, अशी सगळ्यांची समजूत. लेकी दिल्या घरी सुटल्या. ते दुखणं घरातल्या पुरुषांचं, कारण खिंड घराची. भावानं चाळिशीतच आबांची कानटोपी काढून डोक्यावर चढवली.

मग आत्याला झटका आला.

आत्या कान्ह्याला दिलेली, रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत. तिथं घराला घर लागलेलं. वारं सोडा, कापडं वाळायची मुश्कील. मे महिन्यात ती घरात बसून कुरडया घालत होती आणि सोऱ्या हातातून गळून पडला. तिच्या सुनेला आमच्या घराण्याचं शास्त्र ठाऊक नव्हतं, हे आत्याचं नशीब. तिनं दारं लावली नाहीत, पारवा शोधला नाही. गल्लीतली रिक्षा थांबवली आणि सासूला हायवेलगतच्या दवाखान्यात नेलं. आत्या बरीच सुधारली. जीभ थोडी जड राहिली, पण आत्याचं बोलणं आधीच इतकं होतं की थोडं कमी झालेलं कुणाला फारसं खुपलं नाही.

आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “घरात आणखी कुणाला असं झालं होतं?”

माझ्या भावानं कानटोपी सावरत मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “झालतं की! पर फकस्त गड्यांना. आमच्यात खिंडीचं वारं हाय.”

बाईंनी आत्याच्या खाटेकडे बघितलं आणि मग भावाकडे. “मग या कोण आहेत?”

भाऊ शास्त्र सोडायला तयार नव्हता. “दिवाळीला माहेरी आल्ती. तवा लागलं आसंल. भाएर आत्ता पडलं.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, याचं मला कौतुक वाटलं. त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकली की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि तो भाग ज्या हातापायाला चालवतो ते थांबतात. आता ही गुठळी कुणाला होते? रक्तदाब चढण्याचा कल, रक्त लवकर गोठण्याचा कल, नळ्यांच्या भिंतींची घडण, चरबी पचवण्याची शरीराची पद्धत, असं पुष्कळ काही थोडं थोडं आईबापांकडून येतं. एकाच जनुकाला पकडून गुन्हेगार म्हणून उभं करावं, अशी घराणी थोडी. बहुतेकांत लहान लहान गोष्टींची बेरीज असते. मुलगा असो की मुलगी, वाटा दोघांनाही मिळतो. आणि मिळाला म्हणून झटका येणारच असं नाही. मीठ, तंबाखू, रक्तदाब, साखर यांच्याकडे बघितलं तर बराचसा धोका टाळता येतो.

भाऊ ऐकत होता. शेतकऱ्याला शेताच्या भाषेत लवकर कळतं. तो म्हणाला, “म्हंजी आत्या आमच्याच वाफ्यातलं रोप. कान्ह्याच्या खाचरात लावलं तरी इंद्रायणीची इंद्रायणीच ऱ्हानार.”

“अगदी तसंच,” बाई म्हणाल्या. “म्हणून तुम्ही दोघं भाऊ-बहीण आज तपासून जा.”

मी म्हटलं, माझं नंतर बघू, आधी याला धरा. त्याला धरलं. रक्तदाब इतका निघाला की बाईंनी पट्टा दुसऱ्या दंडाला बांधून पुन्हा बघितला. त्या दिवसापासून त्याला रोज सकाळी एक गोळी सुरू झाली, आणि तंबाखू बंद करायला सांगितली, ती त्यानं कमी केली.

परतताना गाडीत आई मागं बसली होती. पंचाहत्तरी कधीच ओलांडलेली, बोलणं मोजकं. कामशेत गेल्यावर ती एकदम म्हणाली, “मी त्या पडवीत जल्म काडला. माज्या सासूनं काडला, जावंनं काडला. भांडी त्याच वाऱ्यात घासली, धुनी त्याच वाऱ्यात धुतली, कान उगडं टाकून. एका तरी सुनंच्या अंगावरनं वारं गेलं का? आं? वाऱ्याला काय ठावं, सून कोन आन् लेक कोन?”

मी भूगोलाची शिक्षिका. फळ्यावर एवढे बाण काढले, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. भाऊ म्हणाला, “सुना चिवट आसत्यात.” आईनं पुढच्या सीटवर टपली मारली, ती त्याच्या कानटोपीला लागली.

मला वाटलं, झालं, खिंड सुटली. पण आमच्या घराण्यात समजलेली गोष्ट आणि पटलेली गोष्ट यांच्यात दोन डोंगर असतात. भावानं त्याच वर्षी नवीन घर बांधायला काढलं. कुठं? टेकाडाच्या पूर्वेला, खिंडीकडे पाठ करून. आणि पश्चिमेच्या भिंतीला एकही खिडकी नाही. गवंड्यानं विचारलं, “भाऊ, हवा कुटनं येनार?” भाऊ म्हणाला, “तीच तर नको हाय.” ती भिंत अशी सलग उभी राहिली की तिच्यावर मी आख्ख्या तालुक्याचा नकाशा काढला असता.

मी लोणावळ्यात राहते. आमच्या गल्लीपलीकडचे बंगले बघा, भिंती कमी आणि काचा जास्त. खोलीत वारं लागतं म्हणून तिचं भाडं चढतं. भुशी धरणावर पावसाळ्यात माणसं भिजून कुडकुडत वारं खातात आणि वर भजी खातात. आणि माझा सख्खा भाऊ त्याच वाऱ्याला विटांनी बुजवून आत दिवसाढवळ्या दिवा लावून बसला होता! पवनेकाठी तंबू टाकायला आलेली मुंबईची पोरं एकदा त्याच्याकडे पाणी मागायला आली. आत डोकावून एकानं विचारलं, “काका, गोडाऊन आहे का?”

तेही चाललं असतं. घर त्याचं, अंधार त्याचा. पण गणपतीत गेले तेव्हा बिस्किटांच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं दिसली, एकही गोळी न फोडलेली.

“हे काय रे?”

“आता कशाला लागतीय?” तो शांतपणे म्हणाला. “वारं बंद, गोळी बंद.”

“अरे, बाईंनी काय सांगितलं होतं? आपल्या आईनं काय सांगितलं? रक्तात आहे ते, वाऱ्यात नाही!”

“व्हय, सगळं खरं. पर आक्का, बी कितीबी तसलं आसलं तरी वारंच न्हाई लागलं तर उगवंल कशाला? एवडं घर बांदलं, ती काय कमी गोळी हाय का?”

मी चिडले की माझा आवाज वर्गातला होतो. गणपतीपुढे मी त्याची जी हजेरी घेतली ती शेजारच्या चुलत भावाच्या घरापर्यंत पोचली. भावजयीनं हळूच सांगितलं, “मी रोज पाकीट हातावर ठिवते वन्सं, ते परत डब्यात टाकत्यात.” भाऊ हसत होता. त्याचं हसणं हुबेहूब आबांचं. मला दिसत होतं, एक दिवस हा माझा भाऊ भिंतीकडे बघत बायकोसमोर उभा असेल आणि ती त्याची बटणं लावत असेल. मला ते नको होतं. दुसरं काही नको, फक्त ते नको.

म्हणून मी भाऊबीजेचा बेत केला. भाऊ माझा कितीही आडमुठा असला तरी पाटावर बसला की ओवाळून होईपर्यंत उठत नाही. मी दंडाला बांधायचं रक्तदाबाचं यंत्र विकत घेतलं, करंज्यांच्या पिशवीत खाली घातलं, आणि ठरवलं की टिळा लावून ओवाळायचं, पट्टा बांधायचा, गोळी तोंडात घातल्याशिवाय पाटावरून हलू द्यायचं नाही.

भाऊबीजेला घरात नेमकी कोण माणसं असतात बघा. भावजय तिच्या भावाकडे गेलेली. आत्याला आता भाऊ उरलेला नाही, पण माहेरची ओढ सुटत नाही, म्हणून ती भाच्याला ओवाळायला कान्ह्याहून आलेली. मी आणि आमचे हे लोणावळ्याहून. चुलत भाऊ पलीकडच्या दारातून. म्हणजे आमचे हे सोडले तर सगळी एकाच वाफ्यातली रोपं; आणि वाफ्याबाहेरची एकटी आई, या घरात सून म्हणून आली ती.

बाहेर लख्ख दुपार होती आणि आत त्या भिंतीच्या कृपेनं संध्याकाळ. मी निरांजन लावलं. भावाच्या कपाळावर टिळा ओढला, अक्षता टाकल्या. तो म्हणाला, “आक्का, पिशवीत काय दडवलंय त्ये म्या बगितलंय. यंत्र हाय त्ये.” मी म्हटलं, गप बस. आणि ओवाळायला सुरुवात केली.

बहीण भावाचं तोंड वर्षातून एकदाच इतक्या जवळून, दिव्याच्या उजेडात बघते. एरवी आपण एकमेकांशी बोलतो ते चहा गाळताना, गाडीत चढताना. मी ताट फिरवत होते, आणि मला वाटलं, ज्योत हलतेय म्हणून असं दिसतंय. मी ताट थांबवलं. ज्योत स्थिर झाली, पण तोंड तसंच राहिलं. टिळा सरळ होता आणि त्याच्या खाली ओठाचा उजवा कोपरा खाली आला होता. त्यानं ओवाळणी घालायला हात पुढे केला. साडीची पिशवी ताटापर्यंत आलीच नाही, मांडीवरून घसरून खाली गेली. तो काहीतरी म्हणाला. ते ‘आक्का’ नव्हतं. पण तो मलाच हाक मारत होता.

आत्यानं तोंडावर हात घेतला. “त्येच,” ती जड जिभेनं म्हणाली. “त्येच हाय ह्ये.”

पुढचं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मी निरांजन धरून नुसती उभी होते. चुलत भाऊ उठला आणि, कुणी न सांगता, पुढचं दार लावायला धावला. आत्यानं बसल्या जागेवरून घोंगडीकडे बोट केलं. त्यांना स्वतःला तरी ते कळलं असेल का, कोण जाणे. पिढ्यान्पिढ्या हातांना तेच ठाऊक होतं. चुलत भाऊ कडी घालता घालता म्हणाला, “पारवा बगतो.”

“दार उगड!”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. आबांच्या वेळी ती या घरातली सून होती, सांगितल्याबरोबर घोंगडी आणायला गेली होती.

“लय दारं लावली या घरानं,” ती म्हणाली. “उगड ते. जावई, गाडी काडा.”

दार उघडलं आणि दुपारचा उजेड थेट पाटापर्यंत आला. आमचे हे एरवी चप्पल शोधायला वेळ लावणारे, अनवाणी धावले. ह्यांनी आणि चुलत भावानं मिळून भावाला उचललं. आई त्याच्या शेजारी बसली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. मी पुढे बसले तेव्हा लक्षात आलं, निरांजनाचं ताट अजून माझ्या हातात होतं. ते मी दारात उभ्या राहिलेल्या आत्याच्या हातात दिलं.

दिवाळीची सुट्टी म्हणजे पवनेच्या रस्त्यावर जत्रा. वळणावळणावर गाड्या, तंबूवाले, भुट्टेवाले. पारवा राहिला म्हणून बेचैन झालेला चुलत भाऊ मोटारसायकल काढून आमच्या पुढे निघाला होता. गर्दी दिसली की तो डोक्यावरची कानटोपी उपसायचा, हवेत गरागरा फिरवायचा आणि ओरडायचा, “बाजूला व्हा! पेशंट हाय, पेशंट!” घराण्याच्या कानटोपीचा एवढा खरा उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता. मला रडता रडता हसू फुटलं. मागून भावानंही घशातून काहीतरी आवाज काढला. आई म्हणाली, “हसतंय गं त्ये.” तोंडाच्या एकाच बाजूनं, पण हसत होता.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, “शेवटचे पूर्ण ठीक कधी होते?”

मी सांगितलं, “टिळा लावला तेव्हा ठीक होता. माझ्या यंत्रावरून मला चिडवलं त्यानं. ओवाळताना झालं.”

बाई त्याच. त्यांनी मान हलवली, मेंदूचा फोटो काढायला नेलं, आणि रक्तस्राव नाही, गुठळीच आहे, असं बघून ती विरघळवायचं इंजेक्शन दिलं. हे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, नंतर त्याचा उपयोग नाही, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. आई बाकावर बसून ऐकत होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, “तवा बी व्हतं का ह्ये, आमच्या ह्यांच्या टायमाला?” बाई म्हणाल्या, “तेव्हा आपल्याकडे नव्हतं, आजी.” आईनं डोळे पुसले. मला वाटतं, ते ऐकून तिला बरं वाटलं. मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी भावानं उजव्या हाताची मूठ वळून दाखवली, सावकाश, पण वळली. तिसऱ्या बोटात आणि करंगळीत अजून आळस आहे, बाकी हात त्याचा आहे. पहिलं वाक्य त्याला नीट बोलता आलं ते असं: “आक्का, ओवाळनी ऱ्हायली.”

ओवाळणी त्यानं मला तिथंच दिली. बाई फेरीला आल्या तेव्हा त्यांना म्हणाला, “डॉक्टर, हिला धरा. मागल्या टायमाला सटाकली ही.” मी नको नको म्हणत असताना माझ्या दंडाला पट्टा बांधला गेला. बाई काट्याकडे बघत राहिल्या, मग पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला. तेव्हाच मला कळलं. भावालाही कळलं. तो खाटेवर उठून बसला, आणि माझ्याकडे बघून आबांचं हसू हसला.

“घे,” तो म्हणाला. “ह्याचं हक्कसोड व्हत न्हाई बग.”

आई पलीकडून म्हणाली, “लेकीला वाटा मिळाला म्हनायचा, एकदाचा.” तिघंही हसलो. हसता हसता मला घाबरायला झालं आणि भावानं त्याच आळशी बोटांच्या हातानं माझा हात धरला. त्या हाताला पकड होती. ती पकड मी लक्षात ठेवली आहे.

पुढच्या महिन्यात त्यानं गवंड्याला बोलावून पश्चिमेची भिंत फोडली आणि मोठी खिडकी बसवली. कानटोपी आता चुलत भावाच्या मोटारसायकलच्या हँडलला बांधलेली असते, लागली तर असावी म्हणून. आणि रोज सकाळी, माझा चहा उकळत असताना, माझा फोन वाजतो. हक्कसोड झाल्यापासून इतक्या वर्षांत हा भाऊ सणाशिवाय कधी फोन करत नव्हता.

“घेतली का?” तो विचारतो.

“घेतली. तू?”

“घेतली.” मग सांगतो, “खिडकी उगडलीय. लय ग्वाड वारं सुटलंय खिंडीतनं. ये की एकदा.”

मागून आईचा आवाज येतो, “म्हनावं, गोळ्या घिऊन ये.”